बिल येण्याआधी बोला!

प्रतिनिधी

शनिवारची रात्र. पुण्यात डेक्कनवरील एका हॉटेलात सहा मित्रांचे टेबल. कॉलेज सुटून दहा-बारा वर्षे झालेली, त्यामुळे गप्पांना अंत नाही. तिघांपुढे ग्लास आहेत, दोघांनी चिकन मागविले आहे आणि श्रावण पाळणाऱ्या एकाने डाळ-खिचडी व ताकावर भागविले आहे. वेटर बिलाची काळी फाइल आणून ठेवतो आणि टेबलावर क्षणभर शांतता पसरते. मग कोणी तरी मोबाइलवर भागाकार करतो आणि जाहीर करतो, ‘प्रत्येकी अकराशे!’ सगळे माना डोलावतात. खिचडी खाणाराही डोलावतो. पुढच्या भेटीच्या वेळी मात्र त्याला नेमके काही तरी ‘काम निघते’.

शहरी मैत्रीतील अनेक दुरावे भांडणातून नव्हे, तर अशा न बोललेल्या हिशेबातून जन्माला येतात. घरच्या पंगतीचे शिष्टाचार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. पाहुण्याला आग्रह करावा आणि वाढणाऱ्याने हिशेब ठेवू नये, हे कोणाला शिकवावे लागत नाही. हॉटेलातील जेवणाला मात्र यजमान नसतो. तेथे सगळेच पाहुणे असतात आणि सगळेच यजमानही. त्यामुळे बिल कोणी, किती आणि कसे द्यावे, याचे काही संकेत पाळणे गरजेचे ठरते.

‘ये जेवायला’ आणि ‘जाऊ या जेवायला’

पहिला संकेत आमंत्रणाच्या शब्दांतच दडलेला असतो. ‘उद्या जेवायला ये, मी नेतो’ असे म्हणणारा यजमान होतो आणि बिल त्याचे असते. ‘उद्या जेवायला जाऊ या का?’ असे विचारणारा केवळ बेत सुचवीत असतो; तेथे खर्च सर्वांचा. वाढदिवस, पहिला पगार, बढती, नवे घर अशा प्रसंगी ‘पार्टी’ देणाऱ्यानेच पैसे द्यावेत, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे. अशा वेळी पाहुण्यांनीही यजमानाच्या खिशाचा अंदाज घेऊन पदार्थ मागवावेत. यजमानाने मेन्यू हाती देताना स्वतः दोन-तीन पदार्थ सुचविले, तर इतरांना ती मर्यादा न बोलता कळते.

गोंधळ होतो तो अर्धवट बोलण्यामुळे. ‘वाढदिवस आहे, भेटू या’ एवढाच निरोप आला, तर पार्टी त्याची की सर्वांची, हे उलगडत नाही. अशा वेळी जाण्यापूर्वीच ‘कॉन्ट्री काढायची ना?’ असे विचारण्यात काहीच गैर नाही. उलट, सर्वांनी मिळून उत्सवमूर्तीचा वाटा उचलायचा असेल, तर तेही याच वेळी ठरते.

तीन पद्धती, तीन स्वभाव

मित्रमंडळींमध्ये साधारणपणे तीन पद्धती रूढ आहेत. पहिली आलटून-पालटून देण्याची, म्हणजे ‘मागच्या वेळी तू दिलेस, आता मी’. दोघे-तिघे नेहमी भेटणारे असतील आणि हॉटेलही साधारण त्याच दर्जाचे असेल, तर ही सर्वांत सुखाची पद्धत. मात्र एकाच्या पाळीला चहा-बनमस्का आणि दुसऱ्याच्या पाळीला मासळीचे ताट असे होऊ लागले, की तिचा तोल जातो.

दुसरी पद्धत समान वाटणीची. हिशेब झटपट होतो, किरकिर टळते. सर्वांनी मिळून मागविलेले पदार्थ मध्ये ठेवून खाल्ले असतील, तर हीच पद्धत योग्य. तिसरी ‘तुझे तू, माझे मी’. तिचे ‘टीटीएमएम’ हे लघुरूप महाविद्यालयीन कट्ट्यांवर इतके रुळले, की २०१७ मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपटही येऊन गेला. इंग्रजीत या रीतीचे पितृत्व डच लोकांवर ढकलले जाते, तर तुर्कस्तानात तिला ‘जर्मन पद्धत’ म्हणतात. आपल्या शब्दांत कोणा परक्यावर ठपका नाही. केवळ ‘तू’ आणि ‘मी’ आहेत, ही जमेची बाजू.

समान वाटणीचा एक गुण-दोष संशोधकांनीही तपासला आहे. उरी ग्नीझी, एर्नान हारुवी आणि हदास याफे यांचा इस्रायलमधील प्रयोग २००४ मध्ये ‘द इकॉनॉमिक जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकमेकांना न ओळखणाऱ्या सहा-सहा जणांचे गट त्यांनी जेवायला बसविले. आपापले बिल द्यायचे असताना माणशी सरासरी सुमारे ३७ शेकेल खर्च झाला. समान वाटणी आहे म्हटल्यावर तो सुमारे ५१ वर गेला आणि जेवण फुकट असताना ८२ वर. त्याहून बोलके असे, की आधी विचारले असता ८० टक्के लोकांनी आपापले बिल देणेच पसंत केले होते. जिवलग मित्रांच्या टेबलावर संकोच अधिक आणि हावरेपणा कमी असणार, हे खरे. पण वाटणीची पद्धत मागविण्याआधी ठरली की नंतर ठरली, यावर बिलाचा आकडा अवलंबून असतो, एवढा बोध त्यातून नक्कीच घेता येतो.

आधी ग्लास बाजूला काढा

सुरुवातीच्या टेबलाचाच हिशेब मांडून पाहू. समजा, सहा जणांच्या खाद्यपदार्थांचे ३,६०० रुपये झाले. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे १८० रुपये. एकूण ३,७८०. तिघांच्या मद्याचे करासह २,८२० रुपये. सर्व मिळून ६,६०० आणि समान वाटणीने प्रत्येकी १,१००.

आता मद्य वेगळे काढले, तर जेवणाचा वाटा प्रत्येकी ६३० रुपये होतो आणि पिणाऱ्या तिघांवर प्रत्येकी आणखी ९४० रुपये, म्हणजे एकूण १,५७० रुपये येतात. याचा अर्थ, समान वाटणीत न पिणाऱ्या तिघांनी दुसऱ्यांच्या ग्लासासाठी प्रत्येकी ४७० रुपये मोजले. भेट दरमहा होत असेल, तर वर्षाला ५,६४० रुपये! खिचडीवाल्याचे उदाहरण आणखी टोकाचे. २६० रुपयांची खिचडी, ६० रुपयांचे ताक आणि १६ रुपये कर मिळून त्याचे प्रत्यक्ष बिल ३३६ रुपये. त्याने दिले १,१००.

म्हणूनच मोठ्या गटासाठी सर्वांत व्यवहार्य तोडगा असा, की मद्याचे बिल पिणाऱ्यांनी वाटून घ्यावे आणि जेवणाचे सर्वांनी. बहुतांश अन्याय एवढ्यानेच दूर होतो. परमिट रूममध्ये मद्याचे आकडे वेगळे मांडलेलेच असतात, कारण मद्यावर जीएसटी नसून राज्य सरकारचा मूल्यवर्धित कर लागतो. उरलेला शे-दोनशेचा फरक मैत्रीखाती जमा करण्याजोगा. एखाद्याचा उपवास असेल किंवा त्याने केवळ सूप घेतले असेल, तर मात्र त्याला जेवणाच्या वाटणीतूनही वगळणे हाच सभ्यपणा.

बोलायचे कोणी?

सगळ्या शिष्टाचाराचे मर्म या एका प्रश्नात आहे. प्रचलित समजूत अशी, की ज्याला वाटणी अन्यायाची वाटते, त्याने बोलावे. पण ज्याने कमी खाल्ले, त्याने बहुधा कमी खर्च करायचा म्हणूनच कमी खाल्लेले असते. गृहकर्जाचा हप्ता, घरातील आजारपण, नुकतीच सुटलेली नोकरी यांपैकी कशाचीही वाच्यता त्याला चारचौघांत करायची नसते. ‘मी फक्त खिचडी खाल्ली’ हे वाक्य त्याच्या तोंडी चिक्कूपणाचे ठरते. तेच वाक्य, ‘अरे, त्याने फक्त खिचडी खाल्ली, त्याचे वेगळे काढा’, असे दुसऱ्याच्या तोंडी आले, तर ती आपुलकी ठरते.

तेव्हा बोलण्याची जबाबदारी ज्याचे ताट जड त्याची. ज्याने सर्वांत महाग मागविले, त्याने बिल येताच ‘माझे जास्त झाले, मी जास्त टाकतो’ असे स्वतःहून म्हणावे. ज्याची मिळकत गटात सर्वाधिक, त्याने हॉटेल निवडताना सर्वांत कमी मिळकतीच्या मित्राचा विचार करावा. बेत ठरतानाच अंदाजे माणशी किती खर्च येईल, हे सांगितले, तर नाही म्हणणाऱ्यालाही कारण शोधावे लागत नाही. कोणी सतत टाळू लागला, तर ‘तुझे मी देतो’ असे सर्वांदेखत म्हणण्यापेक्षा पुढची भेट इराण्याकडे, उडप्याकडे किंवा कोणाच्या तरी गच्चीवर ठरवावी. उपकाराचे ओझे न चढविता मित्र राखण्याचा तो अधिक शहाणा मार्ग आहे.

कर, सेवा शुल्क आणि टिप

साध्या रेस्टॉरंटमधील जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो. बिलावर तो केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा विभागून दाखविलेला असतो. ज्या तारांकित हॉटेलांत खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असते, तेथील रेस्टॉरंटमध्ये हा दर १८ टक्के असतो. ‘तुझे तू’ पद्धतीत मेन्यूकार्डावरील किंमत देऊन मोकळे होणारे हा कर विसरतात आणि शेवटी बिल भरणाऱ्यावर तो भुर्दंड पडतो. आपल्या वाट्याबरोबर त्यावरचा करही द्यायचा, हे ध्यानात ठेवावे.

सेवा शुल्काची गोष्ट वेगळी. ते सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून, हे शुल्क बिलात आपोआप जोडण्यास मनाई केली. त्याविरुद्ध हॉटेल व्यावसायिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरविल्या. बिलात सेवा शुल्क दिसल्यास ते काढण्यास शांतपणे सांगावे; दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र हे पैसे वाचले म्हणून टिपही द्यायची नाही, हा हिशेब बरा नव्हे. सहा जणांच्या फर्माइशी दोन तास पुरविणाऱ्या वेटरची टिप सर्वांनी समान द्यावी आणि शक्यतो रोख द्यावी.

वेटरशी वागतानाही थोडे भान हवे. वेगवेगळी बिले हवी असतील, तर ते पदार्थ मागवितानाच सांगावे. एकदा बिल छापून आल्यावर त्याची सहा बिले करायला लावणे किंवा एका क्यूआर कोडपुढे सहा जणांनी रांग लावणे म्हणजे गर्दीच्या वेळी त्याची कुचंबणाच.

एकाने भरावे, बाकीच्यांनी पाठवावे

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि ‘सुटे नाहीत’ ही सबब संपली. आता एकाने संपूर्ण बिल भरावे आणि इतरांनी त्याला आपला वाटा पाठवावा, ही रीत सोयीची झाली आहे. भरणाऱ्याने केवळ आकडा न कळविता बिलाचा फोटो गटात टाकावा. हॉटेल आरक्षणाच्या अॅपवरून किंवा कार्डावर सूट मिळाली असेल, तर ती सर्वांची समजून प्रत्यक्ष भरलेल्या रकमेचीच वाटणी करावी. आकडा सुटसुटीत करताना सात-आठ रुपयांसाठी अडून बसू नये.

इतरांनी पैसे टेबलावरून उठण्यापूर्वी, निदान त्याच रात्री पाठवावेत. दुसऱ्याच्या यूपीआयवर पैशांची मागणी पाठविण्याची व्यक्ती-व्यक्तींमधील सोय फसवणुकीला आळा घालण्यासाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. त्यामुळे आठवण करून द्यायची, तर आता निरोपच पाठवावा लागतो. तो दुसऱ्या दिवशी गटावर, कोणाचेही नाव न घेता पाठवावा. त्यानंतरही राहिलेल्याला खासगीत एकदा विचारावे. दर वेळी ‘विसरलो रे’ म्हणणाऱ्यांसाठी मात्र जुना उपाय उत्तम : भिशीतल्या किंवा सहलीतल्याप्रमाणे वर्गणी आधीच गोळा करून एकाला खजिनदार नेमावे.

लक्षात ठेवण्याजोगे

* जोडपे म्हणजे दोन वाटे. लहान मुलांच्या जेवणाचा भार पालकांनी आपणहून उचलावा.
* उशिरा येणाऱ्याने किंवा लवकर निघणाऱ्याने आपल्या खाण्यापुरतेच द्यावे. लवकर निघणाऱ्याने ते जाण्यापूर्वी द्यावे.
* मित्रमंडळात पुरुषांनीच बिल द्यावे, ही अपेक्षा ठेवू नये आणि स्त्रियांचा वाटा नाकारूही नये.
* कोणाला न विचारता मागविलेला पदार्थ मागविणाऱ्याच्या खाती.
* गल्ल्यावर पाकिटांची झटापट एकदाच शोभते. समोरच्याने दुसऱ्यांदा ‘मी देतो’ म्हटल्यावर मान्य करावे व पुढची पाळी आपली समजावी.

आपल्याकडे अंगतपंगतीची जुनी रीत आहे. प्रत्येकाने आपापला डबा आणायचा आणि मध्ये ठेवून सर्वांनी मिळून खायचे. कोणाच्या डब्यात श्रीखंड असे, कोणाच्या पिठले-भाकरी; पण पिठलेवाल्याकडून श्रीखंडाचे पैसे कोणी घेत नसे. हॉटेलातील बिलाची वाटणीही त्याच मापाने झाली, तर त्या सहा जणांच्या टेबलावरील एक खुर्ची पुढच्या शनिवारी रिकामी राहणार नाही.