गोविंदा पथकात 'टीम लीडर' घडतो का? खेळातून नेतृत्व शिकणं म्हणजे नेमकं काय?

गुरुपौर्णिमा झाली की गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींमध्ये रात्री थरांचा सराव सुरू होतो. दिवसभर ऑफिस करून आलेली मुलं पटांगणात जमतात, कमरेला पट्टा बांधतात आणि एकमेकांच्या खांद्यावर चढतात. यातल्याच काहींना त्यांची कंपनी 'टीम बिल्डिंग'साठी लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेते. तिथे दोरी ओढायची, तराफा बांधायचा, फोटो काढायचे आणि सोमवारी पुन्हा कामाला लागायचं.

दोन्हीकडे नेतृत्व शिकायला मिळतं असं म्हणतात. पण ते खरंच मिळतं का?

अनुभवातून शिकणं म्हणजे काय?

अमेरिकी अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ च्या पुस्तकात याची चार पायऱ्यांची साखळी मांडली. आधी अनुभव घ्यायचा, मग त्याकडे मागे वळून पाहायचं, त्यातून एखादा नियम काढायचा आणि तो पुढच्या वेळी वापरून बघायचा. यातली एक पायरी गाळली तरी साखळी तुटते.

उद्योगांशी याचं नातं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे भागीदार लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समध्ये 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा सुरू केली. तरुण खलाशांना संकटात टिकून राहायला शिकवणं हा तिचा एक हेतू होता. आजच्या कॉर्पोरेट शिबिरांची एक मुळी तिथपर्यंत जाते.

थर लावताना काय शिकायला मिळतं?

- जागा ताकदीनुसार ठरते. दणकट गडी खाली, हलका वर. ऑफिसात कोण साहेब आणि कोण शिपाई, याला इथे अर्थ नसतो.
- खालच्याला हंडी दिसत नाही. सगळ्यात जास्त वजन पेलणाऱ्याची मान खाली असते. तो बाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या आवाजावर विश्वास ठेवतो. हा विश्वास रोजच्या सरावातून येतो.
- उतरणंही तितकंच महत्त्वाचं. थर लागले म्हणजे काम संपलं असं नाही. सगळे सुखरूप खाली आले तरच ती सलामी पूर्ण.

मग नेता आपोआप घडतो का?

नाही. इथेच खरी गोम आहे.

थर कोसळला की हात-पाय मोडतात, काही वेळा जीवही जातो. म्हणूनच ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं २० फुटांपेक्षा उंच थरांवर आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या सहभागावर बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा हटली, पण १४ वर्षांखालच्या मुलांना मनाई राहिली. २०२२ मध्ये राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला.

खाली डीजे वाजतोय, बक्षीस मोठं आहे, गर्दी 'अजून एक थर' म्हणून ओरडतेय आणि मधल्या थराचे पाय थरथरतायत. अशा वेळी 'उतरा' म्हणणारा माणूस नेता असतो. त्या दिवशी त्याला टाळ्या मिळत नाहीत. तोट्यातला प्रोजेक्ट वेळेत थांबवणाऱ्या मॅनेजरचंही तेच होतं.

हा निर्णय घ्यायची सवय लागते ती सरावानंतरच्या गप्पांमधून. थर कुठे हलला, कोण दमला होता, कोणी ते सांगितलं नाही, यावर बोलणं झालं तरच पडण्यातून शिकायला मिळतं. नाहीतर फक्त मार लागतो.

ऑफिसात हे कसं वापरायचं?

पुढच्या टीम आउटिंगला खेळ संपल्यावर लगेच जेवायला पळू नका. अर्धा तास गोल करून बसा आणि चार प्रश्न विचारा:

१. नेमकं काय घडलं?
२. कोणाला अडचण दिसली होती, पण तो गप्प राहिला? का?
३. कामातही आपण असंच वागतो का?
४. येत्या आठवड्यात यातली कोणती एक गोष्ट बदलायची?

साहेबांनी शेवटी बोलायचं. ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात आणि दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर बाहेर येत नाही.

रिसॉर्टचा खर्च परवडत नसेल तरी बिघडत नाही. गल्लीतला क्रिकेटचा सामना, कबड्डीचा डाव किंवा एखादा ट्रेकही पुरतो. फक्त नंतरचा तो अर्धा तास चुकवू नका.