विद्येचे दार आणि साथीचे दिवस

मंचरच्या परिसरात, पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटर अंतरावर, आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द हे गाव आहे. २००९ साली येथे शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले आणि शेतकऱ्यांच्या मुलांना यंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण घराच्या अंगणात आल्यासारखे झाले. मार्च २०२० मध्ये हे आवार रिकामे झाले. वर्गांना कुलपे लागली, प्रयोगशाळेतील यंत्रांवर धूळ साचू लागली. पुढे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत याच आवारात कोविडच्या रुग्णांसाठी उपचार केंद्र उभे राहिले. जेथे तरुणांनी वह्या-पुस्तके घेऊन यावयाचे, तेथे श्वासासाठी तळमळणारी माणसे आली.

विद्यालयाचे दार साथीत बंद करावे लागते, याविषयी फारसे दुमत होत नाही. खरा कठीण प्रश्न त्यानंतरचा असतो. ते दार पुन्हा केव्हा उघडावे, कसे उघडावे आणि कोणाच्या भरवशावर उघडावे? हा प्रश्न आपल्या पिढीपुढे प्रथमच आला असे आपल्याला वाटले. परंतु इतिहास तसे सांगत नाही.

१६६५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये प्लेग पसरला तेव्हा केंब्रिज विद्यापीठ बंद झाले. आयझॅक न्यूटन हा तेथील तरुण विद्यार्थी आपल्या खेड्यातील घरी परतला. त्या एकांतात त्याने केलेल्या चिंतनाची कथा आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. त्या कथेचा दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. १६६६ च्या वसंत ऋतूत साथ ओसरली असे समजून विद्यापीठ उघडले, न्यूटनही परतला. पण जून महिन्यात रोगाने पुन्हा डोके वर काढले आणि सर्वांना पुन्हा घरी जावे लागले. विद्यापीठ पूर्ववत सुरू होण्यास १६६७ चा वसंत उजाडावा लागला. साथ ओसरणे आणि साथ संपणे यांतील अंतर माणसाला बहुधा ठेच लागल्यावरच कळते.

आपल्या पुण्याला ही ठेच १८९७ साली अधिक क्रूरपणे लागली. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग काही महिन्यांत पुण्यास पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. (मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो हाच, सव्वाशे वर्षांचा कायदा.) वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अधिपत्याखाली गोरे सैनिक घराघरांत शिरू लागले. सामान रस्त्यावर फेकणे, स्त्रियांची तपासणी करणे, संशयितांना छावणीत नेणे हे प्रकार लोकांच्या जिव्हारी लागले. पंडिता रमाबाई सरकारच्या विरोधक म्हणून ओळखल्या जात नव्हत्या. तरीही प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ होत होती, तिच्याविषयी त्यांनी त्याच वर्षी वृत्तपत्रात जाहीर तक्रार केली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींना प्लेगच्या पुण्यात ठेवणे अशक्य झाल्यामुळे त्यांनी आपले कार्य केडगावच्या शेतावर हलविले. आजचे मुक्ती मिशन त्या स्थलांतरातून उभे राहिले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. ते सारे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

प्रयोजन आहे ते एवढेच, की त्या काळी शासनाचा सारा भर माणसांवर पाळत ठेवण्यावर व घरे धुवून काढण्यावर होता, आणि रोग मात्र उंदरांच्या पिसवांमधून पसरत होता. हे सत्य पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. शत्रू कोठून येतो हे ठाऊक नसताना केलेला बंदोबस्त किती कष्टाचा आणि किती व्यर्थ असू शकतो, याचे ते उदाहरण आहे.

२०२० मध्ये आपणही काही अंशी तसेच केले. टेबले, खुर्च्या, दारांच्या कड्या आपण रसायनांनी पुसत राहिलो. गावोगावी रस्त्यांवर फवारे मारले. हात धुणे चांगलेच. परंतु हा रोग मुख्यत्वे कोंदट जागेतील हवेतून, श्वासोच्छ्वासाबरोबर पसरतो, ही गोष्ट सर्वमान्य होण्यास २०२१ साल उजाडले. तेव्हा कळले की वर्गाच्या उघड्या खिडक्या, बाकांतील अंतर, तोंडावरची मुखपट्टी आणि दाटीवाटीच्या वसतिगृहातील कमी संख्या यांतच विद्यार्थ्याची खरी सुरक्षितता आहे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांची वाटचालही केंब्रिजसारखीच अडखळत झाली. पहिला वाद परीक्षेचा होता. अंतिम वर्षाची परीक्षा घेऊ नये असे राज्य शासनाने जून २०२० मध्ये ठरविले; विद्यापीठ अनुदान आयोगाने ती घ्यावीच असे सांगितले. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की साथीच्या कारणाने राज्याला परीक्षा पुढे ढकलता येईल, परंतु परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. त्यानंतर पुणे विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा घेतली. बहुतेकांनी ती घरच्या पडद्यासमोर बसून दिली.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी निम्म्या उपस्थितीने महाविद्यालये उघडली. आठवडाही सरला नाही तोच रुग्ण वाढले आणि पुण्यात ती पुन्हा बंद करावी लागली. एप्रिलमध्ये तर सारे राज्यच घरात कोंडले गेले. २० ऑक्टोबर २०२१ पासून, लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी दारे पुन्हा उघडली. जानेवारी २०२२ मध्ये नव्या लाटेमुळे ती पुन्हा मिटली आणि १ फेब्रुवारीपासून पुन्हा किलकिली झाली.

या धरसोडीबद्दल शासनाला दोष देणे सोपे आहे. पण दोन्ही पारड्यांत काय होते, तेही पाहिले पाहिजे. एका पारड्यात विद्यार्थ्याचे, त्याच्या शिक्षकाचे, आणि तो संध्याकाळी ज्यांच्याजवळ परत जाणार त्या आजी-आजोबांचे प्राण होते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांना ही भीती ऐकीव नव्हती. त्या दोन वर्षांत अनेकांनी आपल्या माणसाला शेवटचे पाहिलेही नाही. दुसऱ्या पारड्यात त्या विद्यार्थ्याचे उभे आयुष्य होते. यंत्र हाताळल्यावाचून अभियंता घडत नाही. ज्या घरात एकच भ्रमणध्वनी आणि तिघे शिकणारे, किंवा ज्या डोंगरकुशीत संदेशलहरीच पोहोचत नाहीत, तेथे पडद्यावरची शाळा ही नावाचीच शाळा होती. बंद दाराची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ती गरिबाला अधिक पडते. म्हणूनच दार उघडण्याची निकड हीही दयेचीच निकड होती.

मग दार सुरक्षितपणे उघडण्याची किल्ली कोणती? एक किल्ली ज्ञानाची आणि दुसरी विश्वासाची. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली, तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. आधी स्वतः, मग इतर हा क्रम महत्त्वाचा आहे. रँडच्या शिपायांना जे बळाने साधले नाही, त्याची वाट अशा उदाहरणांनी मोकळी होते. वर्गात जाऊन बसा असे विद्यार्थ्याला सांगणाऱ्याने त्या वर्गाची खिडकी उघडी आहे की नाही, हे आधी स्वतः जाऊन पाहिले पाहिजे.

आणि एक आठवण. अवसरीचे महाविद्यालय ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे, त्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे पोहोचविले. त्यातच त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच हडपसर परिसरातील सीरम इन्स्टिट्यूटमधून सव्वाशे वर्षांनी कोट्यवधी लोकांसाठी कोविडची लस बाहेर पडली, हा योगायोग मनाला स्पर्शून जातो.

मुलींसाठी शाळेचे दार उघडणारी ही शिक्षिका साथीच्या दिवसांत रुग्णांसाठीही दार उघडून उभी राहिली. अवसरीच्या आवारानेही त्या संकटात दोन्ही कामे केली: आधी रुग्णांना जागा दिली, आणि मग विद्यार्थ्यांना परत बोलाविले. आज तेथे वर्ग भरतात, प्रयोगशाळेत यंत्रे फिरतात. पुढची साथ केव्हा येईल हे कोणास सांगता येत नाही. मात्र ती येईल तेव्हा दार किती काळ बंद ठेवले, एवढ्याचाच हिशेब कोणी विचारणार नाही. त्या बंद दाराबाहेर कोण उभे राहिले, आणि त्याला आत घेण्यासाठी आपण वेळीच काय केले, हेही विचारले जाईल.