फिकट डागामागचा लिम्फोमा

लिम्फोमा म्हटला की मानेतली वा काखेतली गाठ, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन हेच आठवतं. त्वचेतच उगम पावणारे लिम्फोमा वेगळ्या वाटेने येतात. त्यांतला सर्वाधिक आढळणारा मायकोसिस फंगॉइडिस. आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी १८०६ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि पाठ्यपुस्तकांत चित्र रुजलं ते गोऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णाच्या लालसर, खवलेदार चट्ट्यांचं. सावळ्या त्वचेच्या मुलांत आणि तरुणांत हाच आजार पुष्कळदा फिकट डागांच्या रूपात दिसतो. बहुधा त्यांना फारशी खाज नसते, दुखणं नसतं. या प्रकारातल्या टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) बहुतेकदा सीडी८ गटातल्या असतात. त्यांच्यामुळे रंगपेशींना इजा होत असावी, असं मानतात. वाटचाल सहसा संथ असते. नॅरोबँड यूव्हीबी किरणांनी रंग परततो, पण डाग पुन्हा उगवू शकतात.

नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या दमट शहरात फिकट डाग म्हणजे शिबं, आणि लहान मुलाच्या अंगावर असेल तर जंत, असं घरोघरी समजलं जातं. डॉक्टरांच्या मनात कोड आणि कुष्ठरोगही येतात. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, लिम्फोमाच्या चट्ट्यावर स्पर्श कळतो. मात्र सुरुवातीच्या कुष्ठरोगातही बधिरता नसू शकते, म्हणून एवढ्यावर विसंबता येत नाही.

सर्वांत जास्त चिंता वाटते ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांची. गजकर्ण समजून लावलेल्या मलमाने चट्टा काही काळ दबतो आणि बायॉप्सीत, म्हणजे त्वचेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, दिसणारी खूणही पुसट होते. त्यामुळे तपासणीआधी काही आठवडे मलम थांबवावं लागतं. तरीही पहिला तुकडा अनेकदा काहीच सांगत नाही. वेगवेगळ्या डागांतून, काही महिन्यांनी, पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. एका नॉर्मल रिपोर्टवर फाइल मिटवणं मला मान्य नाही.

उलट चूकही होते. लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस या त्वचेच्या आजारात पुळ्या येतात, काळवंडतात, काही आठवड्यांत आपोआप जातात, पुन्हा येतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी भयंकर दिसतात, रुग्ण मात्र ठणठणीत असतो. केवळ स्लाइड पाहून त्याला जबर केमोथेरपी देणं अन्यायाचं आहे. चरबीच्या थरातला पॅनिक्युलायटिससारखा टी-सेल लिम्फोमा मात्र ताप आणि मांड्या-दंडांवरच्या गाठी घेऊन येतो, तरुणींत ल्युपस समजला जातो. २०१८ मध्ये यातल्या बऱ्याच रुग्णांत एचएव्हीसीआर२ जनुकातला जन्मजात बदल सापडला. त्यानंतर प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांचा विचार केमोथेरपीच्या आधी होऊ लागला.

नवी मुंबईतच, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. भारतात विकसित झालेल्या सीएआर-टी उपचाराच्या चाचण्यांशी ते जोडलेलं आहे, पण तो उपचार बी-पेशींच्या कर्करोगांसाठी आहे. त्वचेतले इथे सांगितलेले प्रकार टी-पेशींचे. त्यांचं निदान अजूनही वस्तीतल्या दवाखान्यात, उपचारांना दाद न देणाऱ्या डागाचा तुकडा तपासायला पाठवण्यापासूनच सुरू होतं.