ट्रंक कॉलपासून टचस्क्रीनपर्यंत : सीमेवरच्या गावाचा फोन

मोहगावातल्या जवळजवळ प्रत्येक घराचे एक तरी नाते सावनेर, काटोल, नरखेड किंवा नागपूरकडे आहे. कुणाची लेक तिकडे दिली आहे, कुणाची सून तिकडून आली आहे. कापूस आणि संत्री तिकडे जातात, दुखणे वाढले की माणूसही तिकडेच नेला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा आपला मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. नकाशावर रेघ आली, पण सोयरीक थांबली नाही. त्या रेघेची रोजची आठवण आम्हाला पुढे फोनने करून दिली.

हल्ली पोळा झाला की गणपती-दसऱ्याच्या तोंडावर घरोघरी एकच प्रश्न निघतो, ‘नवा मोबाईल कोणता घ्यायचा?’ त्याचे उत्तर जाहिरातीत शोधण्याआधी आपल्याच मागच्या तीस-पस्तीस वर्षांत शोधून पाहावे, असे आम्हाला वाटते. कारण फोनमधली प्रत्येक सोय कुठल्या तरी अडचणीतून आली आहे आणि त्यातल्या बऱ्याच अडचणी आम्ही स्वतः भोगल्या आहेत.

पिवळ्या पाटीचे दिवस

आमच्या लहानपणी फोन म्हणजे टपाल कार्यालयातला किंवा एखाद्या व्यापाऱ्याच्या गादीवरचा काळा डबा. बाहेरगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि वाट बघत बसायचे. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि सर्वांत महाग लाइटनिंग कॉल. लाइटनिंग लावला म्हणजे घरात काहीतरी अशुभ घडले, हे शेजाऱ्यांना न सांगता कळायचे.

हे चित्र बदलले ते १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेमुळे. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने तिथल्या अभियंत्यांनी भारतीय खेड्यासाठी छोटे टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. परदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली लागायची. हे यंत्र उन्हाळ्यात, धुळीत, साध्या खोलीत चालायचे. त्यानंतरच्या वर्षांत गावोगावी एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या लागल्या. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून जेवणे आटोपून लोक रांगेत उभे राहत. काचेच्या खोलीत बोलणाऱ्याची नजर समोरच्या मीटरच्या लाल आकड्यांवर आणि बाहेरच्यांची नजर बोलणाऱ्यावर. ‘बरे आहात ना? पाऊस झाला का? ठेवतो’ एवढ्यात संभाषण संपायचे.

रोमिंगची रेघ

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. त्या काळी कॉल करणाऱ्याला तर पैसे पडतच, पण आलेला कॉल उचलणाऱ्यालाही पडत. २००३ साली येणारे कॉल मोफत झाले आणि मोबाईल खऱ्या अर्थाने सामान्य माणसाच्या खिशात आला. त्याच वर्षी नोकिया ११०० बाजारात आला. धूळ आत जाऊ न देणारे बटनांचे आवरण, हातातून न निसटणारी पाठ आणि डोक्यावर टॉर्च. रात्रीच्या थ्री-फेज विजेवर ओलित करायला निघालेल्या शेतकऱ्याला याहून चांगला फोन कोणता? जगभरात हा फोन २५ कोटींहून जास्त विकला गेला.

पण आमची अडचण वेगळी होती. मोबाईल सेवेसाठी देशाचे विभाग पाडले होते. मोहगाव मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागात आणि नागपूर महाराष्ट्र विभागात. आम्हाला भोपाळपेक्षा नागपूर कितीतरी जवळ, पण फोनच्या हिशेबात तीनशे किलोमीटरवरचे भोपाळ घरचे आणि नागपूर परके. नागपूरच्या बसमध्ये बसले की वाटेत मोबाईल एकदा थरथरायचा. रोमिंग सुरू झाले. आता येणाऱ्या कॉललाही पैसे. दवाखान्यात रोग्याजवळ बसलेल्या माणसाला घरून फोन यायचा, तो कापायचा आणि खालच्या पीसीओवर जाऊन उलट फोन करायचा. मिस्ड कॉलची एक भाषाच तयार झाली होती. एक वाजला म्हणजे पोचलो, दोन वाजले म्हणजे तुम्ही फोन करा. काहींनी दोन सिम ठेवली, एक इकडचे, एक तिकडचे. दोन सिमचे फोन आले तेव्हा शहरातल्या लोकांना ती चैन वाटली असेल. आमच्यासाठी तो सीमेवरचा तोडगा होता.

१ मार्च २००६ पासून बीएसएनएलने देशभर एक रुपया मिनिट दर आणला, तेव्हा नागपूरला फोन करणे स्वस्त झाले. रोमिंगचे ओझे मात्र हळूहळूच उतरले. २०१३ साली ट्रायने रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैसे केली, २०१५ मध्ये ती ४५ पैशांवर आणली. त्याच वर्षी १५ जूनपासून बीएसएनएलने रोमिंगमधले येणारे कॉल मोफत केले. आज आमच्या मुलांना रोमिंग हा शब्द समजावून सांगावा लागतो.

चौकोनांचा निरोप

एक गोष्ट मात्र सांगताना अजूनही जड जाते. २०११ च्या सुमारास आम्ही हौसेने आईसाठी एक टचस्क्रीन फोन आणला. पडदा मोठा, रंग झकपक. काही दिवसांनी त्यावर एक संदेश आला. त्यात अक्षरांऐवजी नुसते रिकामे चौकोन. कंपनीची जाहिरात असेल म्हणून आम्ही तो तसाच सोडला. चार दिवसांनी फोन आला तो आईची मावसबहीण नागपूरला दवाखान्यात वारल्याचा. चौकोनांचा तो संदेश तिच्या मुलाने पाठवलेला होता. ‘मावशी, आई भरती आहे, तुम्हाला आठवते आहे, भेटून जा,’ असे त्याने शुद्ध मराठीत लिहिले होते. आईने आम्हाला बोल लावला नाही. तिने तो फोन पुन्हा हातात घेतला नाही, एवढेच.

दोष कुणाचा होता ते पुढे कळले. संगणकावरच्या लिपींसाठी युनिकोड नावाची जागतिक व्यवस्था आहे, तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे. म्हणजे निरोप बरोबर आला होता. पण तेव्हाच्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरीचा टाइपच भरलेला नसे. अक्षर ओळखीचे नसले की फोन त्या जागी चौकोन काढून मोकळा व्हायचा.

मराठी निरोपाला आणखी एक भुर्दंड होता. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जाते. ‘श्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, फोन ते चार मोजतो. म्हणून लोक रोमन लिपीत मराठी लिहू लागले आणि ती सवय एसएमएस गेल्यावरही राहिली.

नंतर परिस्थिती सुधारली. २०१३ मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी ‘स्वरचक्र’ हा कळफलक आणला. अक्षर दाबले की त्याची बाराखडी चक्रासारखी भोवती उमटते. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये संपूर्ण फोनच मराठीत वापरण्याची सोय झाली. २०१६ साली भारतीय मानक ब्युरोने फोनसाठी मानक ठरवले : बावीसही भाषांतला मजकूर वाचता यावा आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलच्या बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी आली. ज्यांना टाइप करणे जमत नाही त्या आजी-आजोबांसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

गणेश चतुर्थी, २०१६

५ सप्टेंबर २०१६, सोमवार. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि त्याच दिवशी जिओची सेवा सुरू झाली. सुरुवातीला डेटा आणि कॉल फुकट. सिमसाठी रांगा लागल्या. पण कित्येकांनी सिम आणले आणि घरी येऊन पाहतात तो फोन चालेना. कारण जिओचे जाळे फक्त ४जीचे होते, जुने २जी-३जी त्यात नव्हतेच. त्यावर बोलायला ‘व्होल्टी’ असलेला फोन लागतो. वर्षभरापूर्वी चांगले पैसे मोजून घेतलेले ३जी फोन एका सणात जुने झाले.

दोन महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि वर्षअखेरीस भीम हे पैसे पाठवण्याचे ॲप आले. तेव्हापासून फोन बोलण्यापुरता राहिला नाही. तो बँक झाला, शिधापत्रिका झाला, सातबाऱ्याची नक्कल झाला. आमच्यासारखे सरकारी नोकरीतले लोक हे रोज पाहतात. ई-केवायसीसाठी आलेली म्हातारी बाई पदराच्या गाठीतून फोन काढते आणि ‘ओटीपी’ आला का ते परक्या माणसाला वाचायला देते. तिच्या पैशांची किल्ली त्या क्षणी दुसऱ्याच्या हातात असते.

मग फोन कसा पाहावा?

या इतिहासातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट नेटवर्कची. १ ऑक्टोबर २०२२ पासून देशात ५जी आहे. पण ५जी लिहिलेला प्रत्येक फोन प्रत्येक गावात सारखा चालत नाही. ७०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीतूनही शिरतात. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वेगवान, पण त्यांचा पल्ला कमी. गावापासून टॉवर लांब असेल तर फोनमध्ये कमी वारंवारतेचे बँड आहेत का, हे आधी पाहावे. २०१६ ची फसगतही फोन जाळ्याशी न जुळल्यानेच झाली होती. त्याहून सोपा उपाय म्हणजे शेजाऱ्याला विचारणे : तुझ्या घरात, शेतात कोणते सिम चालते?

दुसरी बॅटरी. नोकिया ११०० ची बॅटरी ८५० एमएएचची, तरी चार-चार दिवस चालायची. आज ५,००० एमएएच दीड दिवसात संपते, कारण मोठा पडदा आणि सतत चालू असलेला डेटा ती खातो. नुसता आकडा पाहून फायदा नाही. पडद्याचा उजेड कमी ठेवला तरी बराच फरक पडतो.

तिसरी साठवण आणि रॅम. साठवण म्हणजे घरातली कोठी, रॅम म्हणजे ओटा. कोठी कितीही मोठी असली तरी ओटा लहान असला की स्वयंपाक रखडतो. डब्यावर ‘व्हर्च्युअल रॅम’ मिळवून मोठा आकडा छापलेला असतो. तो कोठीचाच कोपरा असतो, खरी रॅम किती ते वेगळे विचारावे.

चौथी कॅमेरा. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुतेक वेळा चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. आतला सेन्सर लहान असेल तर आकड्याला अर्थ नाही. दुकानातच अंधाऱ्या कोपऱ्यात एक फोटो काढून पाहावा.

पाचवी आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे सुरक्षेचे अपडेट. फोनमध्ये बँक आहे, म्हणजे त्याचे कुलूप वेळोवेळी बदलले पाहिजे. काही महागड्या फोनना आता ७ वर्षे अपडेट मिळतात, स्वस्त फोनना बरेच कमी. ‘किती वर्षे अपडेट?’ हा प्रश्न आपण दुकानात विचारतच नाही.

जुना फोन घेताना *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक पाहावा. ‘केवायएम’ही इंग्रजी अक्षरे, थोडी जागा आणि तो क्रमांक १४४२२ वर पाठवला की फोन खरा आहे का ते कळते. चोरीचा फोन बंद करण्याची सोय २०२३ पासून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आहे. आणि घरातल्या बायाबापड्यांना एवढे नक्की शिकवावे : संकटात चालू-बंदचे बटन पटापट तीनदा दाबले की बहुतेक फोनमधून ११२ ला हाक जाते. २०१७ पासून नव्या फोनमध्ये ही सोय सक्तीची आहे.

आपल्या गावाचे नाव

सगळे पाहून झाल्यावर एक शेवटची परीक्षा घ्यावी. दुकानातच त्या फोनवर आपल्या गावाचे नाव लिहून पाहावे. कळफलक हिंदी असला की तो आपणहून ‘मोहगांव’ सुचवतो, गावच्या डोक्यावर एक टिंब वाढवतो. बोलून लिहिले तर पोळ्याचा ‘पोला’ होतो. सरकारी कागदावर आपण हिंदीच लिहितो, त्यात काही गैर नाही, ती आपल्या राज्याची भाषा आहे. पण आजीला पाठवलेल्या निरोपातही ‘ळ’ नसेल तर मुलांना तो कुठे भेटणार? सेटिंगमध्ये जाऊन मराठी कळफलक जोडायला दोन मिनिटे लागतात. १९५६ पासून शाळा, कचेरी, बाजार यांच्या हिंदीत राहूनही मागच्या पिढ्यांनी घरात मराठी टिकवली. तेव्हा त्यांच्याजवळ कोणतेही साधन नव्हते.

५ ऑक्टोबर २०२३ पासून सौंसर आणि पांढुर्णा मिळून आपला वेगळा जिल्हा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही बातम्या आम्ही फोनवरच वाचल्या. आईने मात्र त्या आमच्याकडून वाचून घेतल्या. मागच्या वर्षी तिच्यासाठी पुन्हा एक फोन आणला. घरी आणण्याआधी त्यावर दुकानातच मराठी निरोप पाठवून पाहिला. सगळी अक्षरे दिसली. आता ती नागपूरच्या भाच्याशी व्हिडिओवर बोलते आणि निरोप बोलून लिहिते. या गणपतीत तिने पहिला निरोप त्यालाच पाठवला, ‘गणपती बाप्पा मोरया, येऊन जा.’ त्यात एकही चौकोन नव्हता.