गठाणीचा नंबर आणि मजुराचा दमा

वऱ्हाडच्या इतिहासात कापसाचे भाव येतात, बाजारपेठा येतात, रेल्वे येते. कापसाची धूळ छातीत घेऊन जगलेली माणसे त्यात क्वचितच येतात.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पुढे गावोगावी जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. सरकीपासून रुई वेगळी करायला भूमिहीन स्त्रीपुरुष आले. त्यांत अस्पृश्य पुष्कळ होते. वरूड आज संत्र्याचे गाव म्हणून ओळखले जाते. पण तेही या कापूसपट्ट्यातलेच.

कापसाच्या धुळीच्या रोगाला वैद्यकशास्त्र बिसिनोसिस म्हणते. सुटीनंतर कामावर आले की पहिल्याच दिवशी छाती आवळते, धाप लागते. पुढे उतार पडतो. वर्षानुवर्षे धूळ खाल्ली की त्रास कायमचा होतो, आणि मग तो जुनाट खोकल्याहून वेगळा ओळखू येत नाही. गाव त्याला दमा म्हणते; दोष बिडीला नाहीतर नशिबाला जातो.

धुळीची वाटणी जातीनेही केली. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून चांगल्या मजुरीचे साचाखाते अस्पृश्यांना बंद होते. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. अस्पृश्यांच्या वाट्याला कताईची बाजू आली. कापूस फोडण्या-पिंजण्याची सर्वांत धुळकट कामे त्याच बाजूची.

आता कायदा पाहा. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक सक्तीचा केला. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने मात्र हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी म्हणजे कोणते हे सांगताना कापसाच्या जिनिंगचे नाव घेतले. दवाखाना, आजारपणाचा भत्ता, अपंगत्वाचा लाभ, सारे दाराबाहेर राहिले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांचा अपवाद ठेवला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत बिसिनोसिस आला खरा. पण त्याला सलग, ठरावीक मुदतीच्या नोकरीची अट. चार-पाच महिन्यांच्या हंगामावर जगणाऱ्याने ती कशी सिद्ध करावी?

गठाण कुठून निघाली हे सांगता येत होते. ती बांधताना कुणाची छाती गेली, याची नोंद कुठे आहे?

ती नोंद आता आपणच केली पाहिजे. कोणते जिन, किती हंगाम, कोणते काम, धाप केव्हापासून: आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विद्यार्थ्यांनी एवढे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे तारखेनिशी लिहावीत. नोंदीवाचून ना इतिहास उभा राहतो, ना हक्क.