वेठीचा एक शब्द

स्लाव लोकांची मूळ भाषा कोणी लिहून ठेवली नाही. इ. स. ८६३ च्या सुमारास सिरिल व मेथोदियस हे बंधू धर्मकार्यासाठी मोराव्हियात गेले, तेव्हा कोठे स्लाव भाषेला लिपी लाभली. तोवर मूळ भाषा फुटू लागली होती. मग तिच्यातील शब्द कळावा कसा? आम्हां कामगार चळवळीतील माणसांना ही अडचण ठाऊक आहे. कागद नसला म्हणजे साक्षीदार तपासावे लागतात.

‘काम’ या अर्थाचा शब्द घेऊ. चेक व पोलिश ‘रोबोता’ म्हणतात, बल्गेरियन ‘राबोता’. शेजारच्या जर्मन कुळात मात्र गॉथिक ‘अर्बैथ्स’, आजचे ‘आर्बाइट’. म्हणजे स्वर आधी, र् मागून. त्यावरून मूळ रूप ‘ओर्बोता’ ठरते. वाराणसीचे बनारस व्हावे तसा वर्णविपर्यय पुढे झाला. असे तर्काने उभे केलेले रूप छापताना विद्वान त्याच्या आरंभी एक चांदणी घालतात. हा प्रामाणिकपणा आम्हांला फार आवडतो.

ज्यांनी शाळेत ‘रमा’ चालविली आहे त्यांना ‘ओर्बोता’ परकी वाटू नये. रमाम्, तशी ‘ओर्बोतों’. अखेरचा म् विरून स्वर नाकात गेला, आणि पोलिश लेखनात ती खूण अजून आहे. रमया, तशी ‘ओर्बोतोयों’. रमासु, तशी ‘ओर्बोताखु’. येथे स् चा ख् झाला. द्विवचनही आहे. कामाला हाक कोण मारणार! तरी संबोधनाचे रूपही आहे.

पण खरी गोष्ट अर्थाची. ‘ओर्बु’ म्हणजे दास, आणि ‘ओर्बोता’ म्हणजे त्याचे दास्य. जुन्या धर्मग्रंथांत ‘राबोता’चा अर्थ गुलामगिरी असाच आहे. ग्रीक ‘ओर्फानोस’, म्हणजे अनाथ, आणि संस्कृत ‘अर्भ’, ज्यावरून आपले अर्भक, ही याच कुळातील असे बहुतेक विद्वान मानतात. पोरके पोर परक्याच्या दारी जुंपले जाते, हे नाते समजण्यास व्याकरण लागत नाही. मात्र आपले ‘राबणे’ कानाला जुळते म्हणून लगेच सोयरीक करू नये. ध्वनींचे नियम तपासल्यावाचून जोडलेले नाते टिकत नाही.

बोहेमियात ‘रोबोता’ ही जमीनदाराच्या शेतावरची वेठ होती. १७७५ मध्ये शेतकरी उठले, तेव्हा मारिया थेरेसाने त्याच वर्षी आठवड्याला जास्तीत जास्त तीन दिवस अशी मर्यादा घातली. वेठ कायद्याने गेली ती १८४८ मध्ये. १९२० साली कारेल चापेक यांनी कारखान्यात बनविलेल्या कामकऱ्यांवर नाटक लिहिले. त्यांना नाव काय द्यावे हे सुचेना, तेव्हा बंधू योसेफ यांनी ‘रोबोट’ सुचविले. त्या नाटकातील रोबोट मालकांविरुद्ध बंड करतात.