मग्दाल्याची पोथी व हबश देशाचा प्रांतकारभार

मराठी कागदपत्रांत ‘हबसाण’ हें नांव आलें म्हणजे दंडा-राजपुरी व जंजिरा यांकडील सिद्दीचा मुलूख समजावयाचा, हें वाचकांस विदित आहेच. परंतु ज्यावरून हें नांव पडलें तो समुद्रापलीकडील मूळ हबश, म्हणजे आजचा इथिओपिया, आमच्या संशोधकांच्या दृष्टीसमोर क्वचितच येतो. मलिक अंबर (मृत्यु इ. स. १६२६) मूळचा त्याच देशचा. त्या देशाची भूमि, हवामान व प्रांतकारभार यांचा परस्परसंबंध तेथील एका पोथीच्या इतिहासावरून चांगला उलगडतो. तो येथें थोडक्यांत मांडतों.

देशाचें क्षेत्रफळ सुमारें ११ लक्ष चौरस किलोमीटर. मध्यभागीं लाव्हारसाच्या थरांनीं बनलेलें उंच पठार आहे. घडणीनें तें आमच्या दख्खनचें भावंडच म्हणावें. रास दाशेन हें शिखर १४ हजार फुटांहून उंच, तर ईशान्येकडील दनाकिलचा सखल भाग समुद्रसपाटीच्याही खालीं. म्हणून तेथील लोक देशाचे भाग उंचीवरून पाडतात. खालचा उष्ण पट्टा तो ‘कोला’; सुमारें ६ ते ८ हजार फुटांचा समशीतोष्ण पट्टा तो ‘वोइना देगा’; त्याहून वरचा थंड प्रदेश तो ‘देगा’. पहिल्यांत ज्वारी, दुसऱ्यांत तेफ नांवाचें अतिसूक्ष्म धान्य, तिसऱ्यांत जव पिकतो. जून ते सप्टेंबर हा पठारावरील मुख्य पावसाळा. त्यास ‘किरेम्त’ म्हणतात. ताना सरोवरांतून निघणारी अब्बाय, म्हणजे निळी नील, व इतर नद्या यांनीं पठार चिरून खोल दऱ्या पाडल्या आहेत. पूर्वीं पावसाळ्यांत या दऱ्या दुस्तर होत व प्रांत एकमेकांस दुरावत.

अशा भूमींत प्रांताधिपति प्रबळ झाले यांत नवल नाहीं. सम्राटाची पदवी ‘नगुस नगस्त’, म्हणजे अक्षरशः ‘राजाधिराज’. आणि राजाधिराज म्हटला कीं खालीं राजे आलेच. १७६९ पासून १८५५ पर्यंतच्या कालास ‘राजपुत्रांचा काल’ म्हणतात; सम्राट नाममात्र, सत्ता प्रांतोप्रांतींच्या ‘रास’ सरदारांची. १८५५ सालीं अभिषिक्त झालेल्या थिओडोर (तेवोद्रोस) सम्राटानें हे सरदार मोडून पगारी अंमलदार नेमण्याचा यत्न केला, परंतु बंडें शमलीं नाहींत. १८६६ सालीं त्यानें गोंदार ही जुनी राजधानीच लुटली व तेथील देवळांतील पोथ्या मग्दाल्याच्या डोंगरी किल्ल्यावर नेल्या.

त्यानें इंग्रज वकील व इतर युरोपियन यांस कैदेंत ठेविल्यामुळें १८६८ सालीं मुंबई इलाख्याचा सेनापति नेपियर याची स्वारी समुद्रमार्गें झाली. झुला बंदरापासून मग्दाला सुमारें ४०० मैल. तेथें जाऊन पावसाळ्यापूर्वीं परतणें आवश्यक होतें. हें साधलें, कारण वाटेवरील तिग्रायचा अधिपति कासा यानें मार्ग मोकळा ठेविला व धान्य मिळूं दिलें. १३ एप्रिल रोजीं किल्ला पडला. थिओडोरनें आत्मघात केला. लुटीचा माल १५ हत्ती व सुमारें २०० खेचरें यांवर लादून नेला आणि वाटेंत त्याचा लिलाव केला. हत्ती आमच्या देशांतून नेलेले होते. सुमारें ३५० पोथ्या लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमांत गेल्या.

पुढें हाच कासा १८७२ सालीं योहान्नेस या नांवानें सम्राट झाला. त्याच वर्षीं त्यानें ‘केब्र नगस्त’ (नृपमहिमा) ही पोथी इंग्लंडाकडे परत मागितली. तिच्यांत देशाचा कायदा व अधिकाऱ्यांचीं आणि प्रांतांचीं नांवें आहेत, तिच्यावांचून प्रजा आज्ञा मानणार नाहीं, असें कारण त्यानें दिलें. म्यूझियमांत दोन प्रती निघाल्या; एक परत केली, दुसरी राहिली.

येथें विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, ज्यानें शत्रूस वाट दिली त्यासच राज्य करतांना त्या लुटीची उणीव भासली. ज्या देशांत दऱ्या व पाऊस प्रांतांस तोडतात, तेथें त्यांस जोडणारी वस्तु तोफ नसून एक ग्रंथ होता. तो प्रश्न आजही सुटलेला नाहीं. १९९५ च्या राज्यघटनेनें बहुतांशीं भाषावार ९ प्रदेश-राज्यें केलीं. २०२३ पर्यंत तीं १२ झालीं, आणि अदिस अबाबा व दिरे दावा हीं दोन शहरें निराळीं आहेत. तिग्राय व मध्यवर्ती सरकार यांत तर २०२० ते २०२२ दारुण युद्ध झालें.

आम्हां पोथ्या जमविणारांस यांतून बोध घेण्यासारखा आहे. पोथी म्हणजे केवळ मूळ संहिता नव्हे. आरंभींच्या व अखेरच्या कोऱ्या पानांवर कोणीं जमिनीची सनद उतरून ठेविली असेल, कोणीं वतनदारांचीं नांवें. तीं पानें निरुपयोगी म्हणून वेगळीं करणें, किंवा पोथी कोणत्या गांवीं, कोणत्या घरांत मिळाली हें न नोंदणें, म्हणजे लिलावांत घेतल्यासारखेंच तिला मुकी करणें होय. आमच्या संग्रहांतील किती पोथ्या अशा मुक्या झाल्या आहेत, हें ज्यानें त्यानें आपली पेटी उघडून पाहावें.